ह्यू एडवर्ड्स प्रकरण: आजारी माणसाची चौकशी करावी का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीबीसीचे वृत्तनिवेदक ह्यू एडवर्ड्स यांच्यावर जुलै २०२३ मध्ये गैरवर्तनाचे आरोप झाले, ते तीव्र नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल असल्याचे त्यांच्या कुटुंबाने जाहीर केले आणि ‘आता त्यांच्या मागे लागू नका’ असा सूर सगळीकडून निघू लागला. वर्षभराने त्यांनी न्यायालयात वेगळ्याच आणि कितीतरी गंभीर गुन्ह्यांची कबुली दिली. मग ते आजारपण खरे होते, की ती चौकशीतून निसटण्याची पळवाट होती? आणि अशा वेळी माध्यमांनी, संस्थेने व सामान्य वाचकांनी कसे वागायला हवे? मी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि नोकरीतल्या शिस्तभंगाच्या चौकशांसाठी व न्यायालयांसाठी वैद्यकीय अहवाल लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. एडवर्ड्स यांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या निदानाविषयी मी कोणतेही मत देणार नाही. जे सार्वजनिक नोंदीत आहे तेवढ्याच आधारावर लिहीन.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करते. आजार खरा असू शकतो आणि तक्रारही खरी असू शकते. एक खरे निघाले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. आजारपणामुळे चौकशीची गती बदलते, पद्धत बदलते, कधी ती काही काळ पुढे ढकलावी लागते. चौकशी व्हायची की नाही, हे मात्र आजारपणावरून ठरत नाही. त्या वादात हा भेद फार थोड्या लोकांनी पाळला.

घटनाक्रम नीट मांडणे आवश्यक आहे, कारण दोन वेगळी प्रकरणे लोकांच्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. एडवर्ड्स हे २००३ पासून बीबीसीच्या रात्री दहाच्या बातम्यांचे प्रमुख निवेदक होते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची बातमी बीबीसीवरून देशाला त्यांनीच दिली होती. ७ जुलै २०२३ रोजी ‘द सन’ या दैनिकाने नाव न छापता एक बातमी दिली. बीबीसीच्या एका निवेदकाने एका तरुण व्यक्तीला लैंगिक स्वरूपाच्या छायाचित्रांसाठी ३५,००० पौंडांहून अधिक रक्कम दिली आणि हा प्रकार ती व्यक्ती १७ वर्षांची असताना सुरू झाला, असा तिच्या आईचा आरोप त्यात होता. तीन दिवसांनी त्या तरुण व्यक्तीच्या वकिलांनी अनुचित वा बेकायदेशीर असे काहीही घडलेले नसल्याचे कळवले. ११ जुलैला आणखी एका तरुण व्यक्तीने आपल्याला धमकीवजा संदेश आल्याचे बीबीसीच्याच वार्ताहरांना सांगितले. १२ जुलैला लंडनच्या पोलिसांनी, फौजदारी गुन्हा घडल्याचे दर्शवणारी माहिती आपल्यापाशी नसल्याचे जाहीर केले, आणि त्याच संध्याकाळी एडवर्ड्स यांच्या पत्नीने निवेदन काढून त्यांचे नाव उघड केले.

दुसरे प्रकरण पोलिसांपर्यंत अगदी वेगळ्या वाटेने पोहोचले. वेल्समध्ये दुसऱ्याच तपासात जप्त झालेल्या एका माणसाच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरचे संभाषण सापडले, त्यावरून एडवर्ड्स यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये अटक झाली आणि ३१ जुलै २०२४ रोजी त्यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रतिमांसंबंधीचे तीन गुन्हे कबूल केले. प्रतिमा ४१ होत्या, त्यांपैकी ७ सर्वांत गंभीर वर्गातल्या. १६ सप्टेंबर २०२४ ला त्यांना सहा महिन्यांची कैद सुनावण्यात आली, तिची अंमलबजावणी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली आणि सात वर्षांसाठी त्यांचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदीत गेले. पहिल्या बातमीतल्या आरोपांवरून मात्र त्यांच्यावर खटला झालेला नाही. म्हणून ‘द सनचे म्हणणे शेवटी खरे निघाले’ असे जे सर्रास बोलले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही.

आता त्या १२ जुलैच्या निवेदनाकडे वळू, कारण सगळा वाद त्याच्याभोवती फिरला. त्यात पतीच्या मानसिक आरोग्याची काळजी आणि मुलांचे संरक्षण यासाठी आपण बोलत असल्याचे पत्नीने म्हटले होते. गेली काही वर्षे त्यांच्यावर तीव्र नैराश्यासाठी उपचार झाले आहेत, गेल्या काही दिवसांतल्या घटनांमुळे त्यांची प्रकृती फार खालावली आहे आणि ते रुग्णालयात आहेत, असे सांगून कुटुंबाला खासगीपणा मिळावा अशी विनंती केली होती. आणखी एक वाक्य त्यात होते, ज्याच्याकडे नंतर फारसे कोणी पाहिले नाही: बरे झाल्यावर प्रसिद्ध झालेल्या आरोपांना उत्तर देण्याचा त्यांचा इरादा आहे. चौकशी थांबवा, असे त्या निवेदनात कुठेही म्हटलेले नव्हते. ते कुटुंब सवलत मागत होते, सुटका मागत नव्हते. तो अर्थ ऐकणाऱ्यांनी काढला. दोन दिवसांपूर्वी नाव जाहीर करा म्हणून ओरडणारे लोक एका रात्रीत दुसऱ्या टोकाला गेले, आणि आपल्याच सहकाऱ्याबद्दल कर्मचाऱ्यांनी केलेल्या तक्रारींची बातमी देणाऱ्या बीबीसीच्या पत्रकारांना निर्दय ठरवण्यात आले. माझ्या मते त्या पत्रकारांनी आपले काम केले. रुग्णालयाच्या दारात कॅमेरे लावणे ही क्रूरता आहे. अनुचित संदेश आल्याचे कनिष्ठ कर्मचारी सांगत असतील तर ते ऐकून घेऊन छापणे ही क्रूरता नव्हे.

तीव्र नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागते तेव्हा स्थिती काय असते, हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. इंग्लंडमध्ये मानसोपचाराच्या खाटा इतक्या अपुऱ्या आहेत की केवळ विश्रांतीसाठी सहसा कोणालाही दाखल करून घेतले जात नाही. रुग्ण पहाटे तीनला उठून बसतो, दोन ओळींचे पत्र त्याला वाचून संपवता येत नाही, जेवण समोर तसेच राहते. अपराधी भावना इतकी पसरते की केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींचा दोष तो सारखाच स्वतःवर घेतो. अशा अवस्थेत घेतलेली कबुली आणि अशा अवस्थेत दिलेला नकार, दोन्ही चौकशीच्या दृष्टीने कच्चे असतात. आणि सार्वजनिक मानहानी हे जिवाला धोका वाढवणारे कारण आहे, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून त्या आठवड्यात एडवर्ड्स यांची सुरक्षितता सर्वांत आधी पाहणे योग्यच होते. त्याबद्दल मला आजही शंका नाही, आणि वर्षभराने जे उघड झाले त्यामुळे ते मत बदलण्याचे कारणही मला दिसत नाही.

पण सुरक्षितता पाहणे म्हणजे फाइल बंद करणे नव्हे. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाही चौकशीचे कितीतरी काम करता येते: तक्रारदारांचे जबाब घेता येतात, संदेश आणि ईमेल जतन करता येतात, व्यवस्थापनाला काय आणि कधी कळले होते हे तपासता येते. त्यासाठी आरोपीच्या खाटेपर्यंत जाण्याची गरज नसते. बीबीसीची खरी अडचण तर आजारपणाच्या आधीची होती. पहिल्या बातमीतल्या तरुण व्यक्तीच्या कुटुंबातील एक जण १८ मे २०२३ ला स्वतः बीबीसीच्या कार्यालयात जाऊन आला होता. संस्थेने त्यानंतर एक ईमेल पाठवला, ६ जूनला एकदा फोन लावला, तो लागला नाही आणि विषय तिथेच राहिला. ६ जुलैला वृत्तपत्राकडून विचारणा होईपर्यंत निवेदकाला कोणी काही विचारलेही नव्हते. बीबीसीचा निवेदक जिमी सॅव्हिल याने बीबीसीत अनेक दशके जे लैंगिक अत्याचार केले त्यांची चौकशी होऊन २०१६ मध्ये अहवाल आलेला असताना हे घडले. सात आठवडे शांतपणे, कोणाची बदनामी न होता चौकशी करण्याची संधी संस्थेच्या हातात होती. ती वापरली असती तर तक्रारदारांना न्याय मिळणे सोपे झाले असते आणि आजारी माणसाची अवस्थाही वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली नसती.

आजाराचा दोषाशी संबंध कसा जोडायचा, याबद्दल कायद्याची उत्तरे बरीच जुनी आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. माणूस आज खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, हा एक प्रश्न. आरोप समजतो का, वकिलाला सूचना देता येतात का, कामकाज लक्षात राहते का, हे त्यात पाहिले जाते. कृत्याच्या वेळी आपण काय करतो आहोत किंवा ते चुकीचे आहे हे कळत नव्हते का, हा दुसरा प्रश्न; इंग्लंडमध्ये त्याची कसोटी १८४३ पासून चालत आली आहे आणि भारतात तीच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. नैराश्याच्या रुग्णांपैकी फारच थोडे त्या कसोटीला उतरतात. तिसरा प्रश्न शिक्षेच्या वेळचा आहे आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत अधिक वेळा उभा राहतो. इंग्लंडमधल्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ निदान असणे पुरेसे नाही. त्या विकाराचा आणि त्या कृत्याचा पुरेसा संबंध दाखवता आला तरच दोषाचे प्रमाण कमी धरले जाते.

हा संबंध आम्ही कसा तपासतो, ते सांगते. कागदावर मी दोन रकाने आखते. एका रकान्यात वैद्यकीय नोंदी तारखेनुसार येतात: डॉक्टरांकडे कधी गेले, झोप कशी होती, औषध कधी बदलले, कामावर रजा कधी घेतली, दारूचे प्रमाण काय होते. शेजारच्या रकान्यात ज्या वर्तनाबद्दल तक्रार आहे ते येते, तेही तारखेनुसार. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचायचे. बायपोलर आजारातल्या उन्मादात एखादा माणूस तीन आठवड्यांत वाटेल त्याला वाटेल तसे संदेश पाठवतो, बॉसला, शेजाऱ्याला, अगदी सासऱ्यांनाही. ते लपवण्याचे भान त्याला राहत नाही आणि उन्माद ओसरला की तो प्रकारही थांबतो. तिथे आजाराचा आणि वर्तनाचा संबंध डोळ्यांना दिसतो. याउलट संदेश फक्त हाताखालच्या तरुण कर्मचाऱ्यांनाच जात असतील, वरिष्ठांना एकही जात नसेल, उत्तर आल्यावर आधीचे संदेश पुसले जात असतील आणि हे सारे चांगल्या प्रकृतीच्या महिन्यांतही चालू असेल, तर तिथे निवड आहे, धोका ओळखण्याची क्षमता आहे आणि त्यामुळे जबाबदारीही आहे. हे दुसऱ्या प्रकारचे वर्तन नैराश्याने निर्माण होत नाही. नैराश्याने आत्मसंयम ढासळू शकतो, दारू वाढू शकते, माणूस एकाकी होऊ शकतो. त्याचा विचार शिक्षेच्या वेळी व्हावा आणि एडवर्ड्स यांच्या बाबतीतही वैद्यकीय अहवाल न्यायालयासमोर होते. पण बालकांच्या शोषणाच्या प्रतिमा मिळवत राहणे हे नैराश्याचे लक्षण नाही, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तसे सूचित झाले की नैराश्याचा प्रत्येक रुग्ण संशयाच्या छायेत येतो.

३१ जुलै २०२४ नंतर नेमके तेच घडले. आदल्या वर्षी ‘आजारी आहेत, म्हणून गप्प बसा’ म्हणणारे आता ‘आजार हे ढोंग होते’ म्हणू लागले. दोन्ही वाक्यांमागचे गृहीतक एकच आहे: आजारी माणूस निष्पाप असतो आणि दोषी माणूस आजारी नसतो. आमच्या अनुभवात असे काही नाही. स्वतःच्या दुष्कृत्यामुळे, ते उघड होण्याच्या भीतीमुळे माणूस खरोखरच कोसळतो. त्या कोसळण्यावर उपचारही करावे लागतात. उपचार हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नसते. एडवर्ड्स यांनी आपल्या नैराश्याबद्दल या आरोपांच्या सुमारे दोन वर्षे आधी, २०२१ मध्येच उघडपणे सांगितले होते, ही गोष्टही इथे विसरता येत नाही.

एका टप्प्यावर मात्र आजारपणाचा वापर मला खटकतो. एप्रिल २०२४ मध्ये एडवर्ड्स यांनी राजीनामा दिला तेव्हा तो डॉक्टरांच्या सल्ल्यावरून असल्याचे लोकांना सांगण्यात आले. अटक होऊन पाच महिने झाले होते. पोलिसांनी गोपनीयतेच्या अटीवर ती बाब बीबीसीच्या वरिष्ठांना कळवलेलीही होती. अटकेची बातमी न देण्याला कायदेशीर कारण होते, ते मान्य. परंतु लोकांसमोर फक्त वैद्यकीय कारण उरले आणि पुढे खरी परिस्थिती कळल्यावर ‘वैद्यकीय कारण’ या शब्दांवरचाच विश्वास उडाला. अटकेनंतरच्या पगाराचे सुमारे दोन लाख पौंड बीबीसीने परत मागितले. उडालेला विश्वास तसा परत मागता येत नाही. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जण आता आजारपणाची रजा मागताना आधी ‘मी काही लपवत नाही’ हे सांगायला लागले आहेत.

आणि तक्रारदारांचे मानसिक आरोग्य? त्या सगळ्या गदारोळात ते जवळपास गैरहजर होते. वरिष्ठाकडून रात्री उशिरा नको ते संदेश येणारा कनिष्ठ कर्मचारी झोप गमावतो, नोकरी सोडण्याचा विचार करतो, स्वतःलाच दोष देतो. प्रतिमांमधली मुले नव्हेत तर ४१ ‘चित्रे’ अशीच बहुतेकांनी बातमी वाचली. त्या प्रत्येक प्रतिमेमागे प्रत्यक्ष अत्याचार झालेले बालक असते आणि आपली प्रतिमा अजून कुठेतरी फिरते आहे ही जाणीव मोठेपणीही त्याची पाठ सोडत नाही. सहानुभूतीचे वाटप करायचे असेल तर रांगेत पहिले कोण, हे ठरवायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

माध्यमांच्या वर्तनाबद्दल दोन गोष्टी. नाव न छापता केलेल्या बातमीमुळे त्या पाच दिवसांत जेरेमी व्हाइन, गॅरी लिनेकर, रायलन क्लार्क अशा निर्दोष निवेदकांना ‘तो मी नव्हे’ असे जाहीरपणे सांगावे लागले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, आरोपपत्राआधी संशयिताला खासगीपणाची वाजवी अपेक्षा असते असे ठरवले आहे. त्याआधी २०१८ मध्ये गायक क्लिफ रिचर्ड यांच्या घराच्या झडतीचे हेलिकॉप्टरमधून चित्रण दाखवल्याबद्दल खुद्द बीबीसीलाच भरपाई द्यावी लागली होती. या निकालांनी बेजबाबदार वृत्तांकनाला आळा बसतो, हे खरे. पण ताकदवान माणसांविरुद्धच्या तक्रारी छापणेही त्यामुळे कठीण होते, आणि संस्थांची अंतर्गत चौकशी विश्वासार्ह नसेल तर तक्रारदाराला वृत्तपत्राखेरीज दार उरत नाही. दुसरी गोष्ट कॅरोलाइन फ्लॅक यांच्या मृत्यूची. या निवेदिकेवर मारहाणीचा आरोप होता आणि खटल्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. त्यानंतर ब्रिटनमधल्या अशा प्रत्येक प्रकरणावर त्या मृत्यूची सावली पडते. जून २०२३ मध्ये आयटीव्ही वाहिनीचे माजी निवेदक फिलिप स्कोफिल्ड यांनीही, स्वतःवर टीका होत असताना, मुलाखतीत फ्लॅक यांचे नाव घेतले होते. ती भीती पोकळ नाही. पण त्या भीतीचे उत्तर चांगली वैद्यकीय देखरेख, कुटुंबाशी समन्वय आणि संयत वृत्तांकन हे आहे. प्रश्न न विचारणे हे नाही.

स्वयंपाकाच्या स्पर्धेचे सूत्रसंचालक ग्रेग वॉलेस यांच्या प्रकरणात २०२५ मध्ये हाच वाद ऑटिझमवरून झाला. चौकशीत गैरवर्तनाच्या ८३ आरोपांपैकी ४५ मान्य झाले आणि त्यांच्या बाजूने ऑटिझमच्या निदानाचा उल्लेख पुढे आला. ऑटिझम असलेल्यांसाठी काम करणाऱ्यांनीच त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली, ती मला पटते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. सुशांत सिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये मुंबईतून चाललेल्या वृत्तांकनात एका माणसाचे उपचार, औषधे आणि मनःस्थिती महिनोन्‌महिने वाहिन्यांवर उगाळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांनी चालवलेल्या अशा समांतर खटल्यावर कडक ताशेरे ओढले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी, आणि तक्रारदाराचीच नव्हे तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणजे गोपनीयतेचे छत्र दोघांनाही आहे आणि घड्याळही चालू आहे.

कामाच्या ठिकाणच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर काम करणाऱ्या वाचकांसाठी शेवटी प्रत्यक्ष उपयोगाचे सांगते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने मानसिक आजाराचे प्रमाणपत्र दिले की समित्या बहुधा एकतर घाबरून सुनावणी बेमुदत पुढे ढकलतात, नाहीतर ते खोटे असल्याचे मनाशी धरून चालतात. दोन्ही टाळावे. डॉक्टरांना निदान विचारू नये. समितीला त्याचा उपयोग नाही आणि तो तिचा अधिकारही नाही. विचारायचे ते एवढेच: हे गृहस्थ सध्या सुनावणीला बसू शकतात का, नसतील तर पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला होईल, आणि बसू शकत असतील तर लेखी प्रश्न, छोट्या बैठका, सोबत एखादी व्यक्ती यांपैकी कशाची गरज आहे. जिवाला धोका असल्याची थोडीही शंका असेल तर त्यांच्या कुटुंबाला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दरम्यान साक्षीदारांचे जबाब आणि कागदपत्रे यांचे काम थांबवू नये. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती, या दोघांशी संपर्क ठेवण्यासाठी दोन वेगळी माणसे नेमावीत. आणि पुढच्या तपासणीची तारीख ठरली की, निदानाचा उल्लेख न करता, ती त्याच आठवड्यात तक्रारदाराला लेखी कळवावी.